किती देते?

सातारच्या एमआयडीसीत एके काळी स्कूटर बनत होती. ‘महाराष्ट्र स्कूटर्स’ नावाची कंपनी, 1975 साली बजाजच्या भागीदारीत निघालेली. तिची ‘प्रिया’ इथून गावोगाव जायची. त्यामुळे माझ्या पिढीच्या सातारकराला स्कूटरचं कौतुक वगैरे नसतं, स्कूटरवर त्याचा अधिकार असतो. कुणाचे मामा त्या कारखान्यात पेंटिंगला, कुणाचे सासरे स्टोअरला; ज्याचं कुणीच तिथे नव्हतं तो निदान त्या गेटासमोर चहा प्यायलेला. अशा गावात राहून पन्नाशीला पहिली स्कूटर घ्यायची म्हणजे पंढरपुरात जन्म काढून म्हातारपणी देवळाची वाट विचारण्यासारखं होतं. आणि ती मी विचारली. मग काय, सगळं गाव हात वर करून वाट दाखवायला लागलं, आणि प्रत्येकाचा हात वेगळ्या दिशेला.

‘पहिली’ म्हणजे माझी पहिली. घरात मोटरसायकल होती, आहे, आणि यांच्या म्हणण्याप्रमाणे राहील. तिच्या मागच्या सीटवर मी निम्मं आयुष्य काढलं. दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर पिशवी, पिशवीवर पर्स, एक हात यांच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात पदर. मागे बसणारीची दखल कायद्यानं घेतली आहे हे मला फार उशिरा कळलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत चक्क लिहिलंय की मागे बसणाऱ्याला धरायला कडी हवी, पाय टेकायला जागा हवी, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान निम्मं तरी झाकलेलं हवं. आपलं साडीगार्ड ते हेच. दिल्लीत बसलेल्या कुठल्याशा अधिकाऱ्याला माझ्या पदराची काळजी होती. पदर पुढच्या सीटवर आला तर काय, हे मात्र त्याला सुचलं नाही आणि आमच्या घरातही कुणाला सुचलं नव्हतं.

वेळ आली ती आमच्या पतपेढीमुळे. शाखा मोती चौकाजवळ होती तोवर मी चालत जायची. ती हलली ती थेट खाली, बॉम्बे रेस्टॉरंट चौकाच्या पलीकडे. सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलंय, त्यामुळे इथे अंतर किलोमीटरमध्ये सांगून काही उपयोग नसतो, चढ की उतार ते सांगावं लागतं. सकाळी कामाला जाताना माणूस तरुण असतो. संध्याकाळी राजवाड्याकडे चढताना त्याचं खरं वय बाहेर येतं. रिक्षावाल्यांनाही हे ठाऊक असल्यामुळे परतीचं भाडं वेगळं. तेव्हा एका रात्री जेवताना मी म्हटलं, “मी एक छोटीशी स्कूटर घेते.”

“कुणासाठी?” यांनी विचारलं.

पहिला सल्ला शेजारच्या अण्णांचा. वय अठ्ठ्याहत्तर. अण्णांनी जवानीत स्कूटरसाठी नंबर लावला होता. त्या काळी बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. दहा-दहा वर्षं थांबलेली माणसं होती. परकीय चलन भरणाऱ्याला लवकर मिळे, आणि ज्याला मिळाली तो दुसऱ्या दिवशी तीच वापरलेली गाडी नव्यापेक्षा जास्त किमतीला विकू शके. अण्णांची गाडी आली तेव्हा ज्या मुलाला पुढे उभं करून फिरवायचं ठरवलं होतं त्या मुलाला मिसरूड फुटलं होतं. एवढी वाट बघून मिळालेल्या वस्तूचे दोष दिसत नाहीत माणसाला. इंजिन उजव्या अंगाला असल्यामुळे गाडी जन्मभर उजवीकडे झुकायची, पण अण्णा त्याला ‘डौल’ म्हणतात.

“पोरी, एक लक्षात ठेव,” अण्णा म्हणाले. “सकाळी चालू नाही झाली तर घाबरायचं नाही. डाव्या अंगाला आडवी करायची, दहा मोजायचे, उभी करायची, किक मारायची. नाहीच झाली तर प्लग काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचा. एक जादा प्लग डिकीत. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालायचं. पंपावरच्या पोरावर विश्वास ठेवायचा नाही. आणि पुढचा ब्रेक,” इथे अण्णांनी आवाज खाली आणला, “पुढचा ब्रेक आयुष्यात दाबायचा नाही.”

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. पुढे कळलं की यातलं एकही काम आता करता येत नाही. ऑइल पेट्रोलमध्ये घालत नाहीत, प्लग कुठे असतो ते मेकॅनिकलाच ठाऊक, आणि गाडी आडवी केली तर लोक उचलायला धावत येतात. ब्रेकचा प्रश्न तर सरकारनंच मिटवलाय. 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना जोडब्रेक सक्तीचा आहे. स्कूटरवर डावा दांडा दाबला की मागचं चाक आणि पुढचं चाक दोन्ही एकदम आवळतात. हे अण्णांना सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आणि स्टेपनी?” स्टेपनी नसते म्हटल्यावर त्यांनी विषयच सोडला.

दुसरा सल्ला धाकट्या भावजींचा. भावजी कायनेटिक होंडावाले. 1984 साली ही गाडी आली तेव्हा बटण दाबून चालू होणारी, बिनगिअरची स्कूटर हिंदुस्थानात नवलाईची होती. भावजींनी त्याच स्कूटरवरून आमच्या जाऊबाई पाहिल्या, पटवल्या आणि आणल्या. त्यामुळे गाडीविषयी बोलताना त्यांच्या डोळ्यांत इंजिनाशी संबंध नसलेलं पाणी येतं. “वहिनी, नवीन कशाला? जुनी कायनेटिक मिळते का बघतो. पार्टचं काय ते माझ्यावर सोडा.” जाऊबाई आतून म्हणाल्या, “घेऊ नका हो. लग्नानंतर निम्मे दिवस ढकलतच होतो आम्ही.”

पतपेढीतल्या सगळ्या बायकांचं मत एकच: ॲक्टिव्हा. 2001 पासून हे नाव असं रुजलंय की त्या दुसऱ्या कंपनीच्या स्कूटरलाही ॲक्टिव्हाच म्हणतात. एकीनं तर मला सांगितलं, “माझी ॲक्टिव्हा टीव्हीएसची आहे.” भाच्याचं मत इलेक्ट्रिकच घ्यावी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही, मग चार्ज कुठे करायची, तर तो म्हणाला, “खिडकीतून वायर सोडायची, आत्या.” सोसायटीच्या सेक्रेटरीला मी नुसतं विचारून बघितलं. त्यांनी त्याच संध्याकाळी फळ्यावर नोटीस लावली. मला अजून गाडीही मिळाली नव्हती आणि माझ्यामुळे इमारतीत एक नियम वाढला होता.

मी काय बघत होते ते कुणी विचारलंच नाही. माझी अट एकच होती. उंची माझी पाच फूट. बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीला टेकायला हव्यात. शोरूममधला मुलगा सेगमेंट, टॉर्क, ब्लूटूथ असं काही काही सांगत होता. मी एकेका गाडीवर बसून खाली बघत होते. स्कूटरच्या सीटची उंची मिलिमीटरमध्ये देतात हे मला तिथे कळलं. साडी वारात, सोनं ग्रॅममध्ये आणि जमीन गुंठ्यात एवढंच आजवर मोजलेलं. दोन स्कूटरींत बोटभर फरक असतो, पण त्या बोटावर माझा सगळा धीर उभा होता. वजनही बघितलं. या गाड्या पंचाण्णव किलोपासून एकशे दहा किलोपर्यंतच्या. हा आकडा ऐकून बरं वाटलं. घरात माझ्यापेक्षा जड असं काहीतरी येणार होतं.

शेवटी घेतली कुठली ते सांगत नाही. नाव सांगितलं की निम्मे वाचक “ती का नाही घेतली?” म्हणून पत्रं पाठवतील.

कधी घ्यायची हे मात्र मला ठरवावं लागलं नाही. 3 सप्टेंबर 2025 ला जीएसटी कौन्सिलनं ठरवलं की 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 वर येणार, पण 22 तारखेपासून. मधे पितृपंधरवडा. म्हणजे ज्या दिवसांत मराठी माणूस चप्पलसुद्धा नवी घेत नाही, नेमक्या त्या दिवसांत सरकारनंही त्याला घेऊ नको म्हणून सांगितलं, आणि घटस्थापनेला दोघांनी मिळून दार उघडलं. अर्थखात्यात कुणीतरी पंचांग बघणारा आहे यावर सासूबाईंचा त्या दिवसापासून ठाम विश्वास आहे. त्या पंधरवड्यात शोरूममधे नुसती शांतता. मुलं गाड्यांवरची धूळ पुसत बसलेली. आणि नंतर दसऱ्यापर्यंत अशी झुंबड, की पाणी विचारायलाही कुणी मोकळं नाही.

किमतीचं मात्र मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. दारावर एक आकडा, टेबलावर दुसरा, आणि बिलावर तिसरा. पहिला एक्स-शोरूम, शेवटचा ऑन-रोड. या दोघांच्या मधे गाडी जिथे कुठे असते तिथे रस्ता कर, नोंदणी, नंबरप्लेट आणि विमा तिला भेटतात. विम्याची गंमत ऐका. माझ्यामुळे दुसऱ्याचं काही नुकसान झालं तर त्याचा विमा एकदम पाच वर्षांचा काढावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं 2018 पासून तसं आहे. माझ्या गाडीएवढ्या इंजिनाला त्याचे 3,851 रुपये. आणि माझ्या स्वतःच्या गाडीला काही झालं तर? तो विमा एकाच वर्षाचा. मी त्या मुलाला म्हटलं, “म्हणजे पाच वर्षं मी लोकांना धडकत राहणार, पण माझी गाडी दुसऱ्या वर्षापासून शाबूत?” तो म्हणाला, “मॅडम, सीट कव्हर काळं देऊ का चॉकलेटी?”

सीट कव्हर, पायपुसणं, पुढचा गार्ड, मागचा गार्ड, आरशाला गार्ड. गाडी घेतलीय की गार्डांसाठी बसायची सोय केलीय असं वाटायला लागलं. यांनी प्रत्येक गार्डाला मान हलवली. लग्नानंतर एवढ्या चटकन त्यांनी कशालाच होकार दिला नव्हता, आणि त्याचा अर्थ मला समजत होता.

शिकले ती भाचीच्या स्कूटरवर, शाळेच्या मैदानात, पहाटे. पहाटे अशासाठी की कुणी बघू नये, पण सातारा पहाटेच चालायला बाहेर पडतं. मैदानाला फेऱ्या मारणाऱ्या आजोबांच्या एका टोळीनं पहिल्या दिवशी फेऱ्या थांबवल्या आणि कट्ट्यावर बैठक मारली. दुसऱ्या दिवशी येताना ते थर्मास घेऊन आले.

बिनगिअरच्या गाडीत शिकण्यासारखं काही नाही असं सगळे म्हणतात. मूठ पिळली की जाते, ब्रेक दाबला की थांबते. यातली मेख कुणी सांगत नाही. माणूस घाबरला की पहिल्यांदा हाताची मूठ आवळतो. आणि स्कूटरचा वेग नेमका मुठीत. त्यामुळे समोर कुत्रं आलं की घाबरायचं, घाबरलं की मूठ आवळायची, मूठ आवळली की कुत्र्याच्या दिशेनं जास्त जोरात जायचं. “आत्या, मूठ सोड! सोड मूठ!” असं ओरडत भाची मागून पळते आहे, तिच्या मागे थर्मासवाले दोन आजोबा. कुत्रं सर्वांत आधी शिकलं. दुसऱ्या दिवसापासून ते लांबूनच बघायचं.

पाय सोडून चालवणाऱ्या बायकांना लोक हसतात. मीही हसायची, यांच्या मागे बसून. आता सांगते, ते पाय सोडलेले नसतात, तयार ठेवलेले असतात. आणि मेन स्टँडबद्दल जो बाऊ करतात त्यात काडीचं तथ्य नाही. पुरुष हातानं गाडी उचलायला जातात म्हणून घामेघूम होतात. स्टँडच्या दांड्यावर पाय ठेवून नुसतं उभं राहायचं असतं. ताकद लागत नाही, वजन लागतं. ते माझ्याकडे होतं. आमच्या इमारतीखाली अजूनही कुणीतरी मदतीला पुढे होतो आणि तो हात लावेपर्यंत गाडी स्टँडवर उभी असते. पन्नाशीत मला मिळालेलं हे सर्वांत निर्मळ सुख आहे.

दसऱ्याला गाडी आली. शोरूममधे माझ्या हातात पुठ्ठ्याची हातभर लांबीची किल्ली देऊन फोटो काढला. खरी किल्ली यांच्या खिशात. मग हार, हळदकुंकू, नारळ, आणि चाकाखाली लिंबू. नुकत्याच शिकलेल्या बाईला चालवायच्या पहिल्याच फुटावर अडथळा ठेवायचा ही प्रथा कुणी काढली असेल? लिंबू चिरडलं नाही, घरंगळून पुढच्या गिऱ्हाईकाच्या चाकाखाली गेलं आणि त्याचं आयतंच काम झालं. पेढे अर्थातच कंदी. ते वाटताना कळलं की पेढा तोंडात असलेला माणूसही एक प्रश्न विचारू शकतो:

“किती देते?”

रंग कुठला, नाव काय, कितीला पडली, हे नंतर. आधी किती देते. घेऊन एक तासही झालेला नसताना काय सांगणार? पण उत्तर द्यावंच लागतं. न दिलं तर लोकांना वाटतं, कमी देते. माझ्या लक्षात आलंय की या प्रश्नाला खरं उत्तर देणारा मालक महाराष्ट्रात नाही, कारण ते काढण्याची पद्धतच आपल्याकडे चालत नाही. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा काठोकाठ भरायची, भागाकार करायचा. आपण पंपावर जातो आणि म्हणतो, “दोनशेचं टाक.” त्यातला जाणता असेल तो म्हणतो, “दोनशे दहाचं टाक,” कारण गोल आकड्याला मशीन चोरी करतं अशी त्याची खात्री असते. पेट्रोल घ्यायचं रुपयांत आणि बढाई मारायची लिटरात. साताऱ्यात तर प्रश्नच वेगळा. मी पतपेढीत जाताना गाडी जवळपास फुकट जाते आणि येताना दोन्हीकडचं पिते. त्यामुळे विचारणाऱ्याचा चेहरा बघून मी आकडा सांगते. मोटरसायकलवाल्याला पंचावन्न. स्वतःची स्कूटर असलेल्याला, त्याची जेवढी त्यापेक्षा दोन जास्त.

रस्त्यावर आल्यावर आणखी एक उलगडलं. समोरून येणारा प्रत्येक माणूस माझ्याकडे बघून हाताची पाचही बोटं उघडत-मिटत होता. आधी वाटलं, ओळखीचे आहेत. मीही मान हलवली. मग एक दूधवाला शेजारी येऊन ओरडला, “ओ ताई, लाईट चालू हाय!” आता एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबरच लागतो आणि तो बंद करायला बटणच नसतं. हे त्याला चालत्या गाडीवरून पोवई नाक्याच्या गर्दीत कसं सांगायचं? इतकी वर्षं झाली तरी सातारकर एकमेकांना दिव्याची आठवण करून देतात. आपल्या लोकांना दुसऱ्याचं नुकसान बघवत नाही हा याचा एक अर्थ. दुसरा असा की, चूक दाखवायची संधी आली तर ती सोडवत नाही. पण त्या दूधवाल्याचं मला दुसरंच कौतुक वाटलं. हेल्मेटमुळे चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल, पण काल बाजारात ‘मावशी’ असलेली मी आज ‘ताई’ होते. त्या दिवसापासून हेल्मेटचा पट्टा मी कधी सैल सोडत नाही. भाजी घेतानासुद्धा काढत नाही.

स्कूटरचा खरा उपयोग घरच्यांना हळूहळू समजला. मोटरसायकलवर दोन पायांच्या मधे पेट्रोलची टाकी असते. स्कूटरवर तिथे रिकामी जागा असते, आणि मराठी घरात रिकामी जागा फार वेळ राहत नाही. तिथे तांदळाचं पोतं आलं. रद्दी आली. गॅसचा सिलिंडर एजन्सीतून आणायची पाळी आली तेव्हा तोही तिथेच बसला. सासूबाईंची कुंडीतली तुळस आली. एकदा तर जाऊबाईंचा मिक्सर, मुगाचं पीठ आणि त्यांचा धाकटा, असे तिघं एका फेरीत. पुढच्या हुकला भाजीची पिशवी लावली की ती प्रत्येक वळणाला गुडघ्याला विचारून जाते. यांची मोटरसायकल आता बहुतेक वेळ आच्छादन घालून उभी असते. अण्णा येता-जाता तिच्याकडे बघून मान हलवतात.

आणि मग एका रविवारी हे माझ्या मागे बसले. यवतेश्वरला जायचं होतं, घाट मी चालवणार होते. मागे बसणं म्हणजे काय हे या माणसाला माहीतच नव्हतं. धरायची कडी कुठे असते तेही मीच दाखवली. वाटेत मी उजवीकडे वळले की यांचा हात उजवीकडे बाहेर. इंडिकेटर चालू आहे म्हटलं तर म्हणाले, “असू दे, दोन्ही असावेत.” प्रत्येक वळणावर यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता, इतक्या जोरात की पायठेवणीची मला काळजी वाटायला लागली. वर पोचल्यावर दर्शन झालं, मक्याचं कणीस झालं, आणि खाली सातारा बघत हे म्हणाले, “उतरताना मी घेतो. उताराला अनुभव लागतो.”

किल्ली दिली. मी मागे बसले, सवयीनं एका बाजूला. यांनी बटण दाबलं, मूठ पिळली, गाडी छान निघाली. पाच-पंचवीस पावलांवर समोर एक म्हैस रस्ता ओलांडायला लागली. यांनी तीस वर्षांच्या अनुभवानं मोटरसायकलवर जे करायचं तेच केलं. डाव्या पायानं गिअर शोधला आणि डाव्या हातानं क्लच पूर्ण दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, म्हैस जागच्या जागी उभी राहिली, आणि मी यांच्या पाठीवर जाऊन आदळले.

घरी येईपर्यंत कुणी काही बोललं नाही. हात-पाय धुऊन, चहा घेऊन, पेपर उघडल्यावर मग हे म्हणाले, “गाडी तशी बरी आहे तुझी. क्लच फार कडक आहे. पहिल्या सर्व्हिसिंगला सांग.”